वहिनींचं नाक आणि जिन्यातला बोका

आमच्या इमारतीत मासा तव्यावर पडायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन यायचा.

बाजारातून पिशवी आली की माणसं ती आपल्या घरात न नेता थेट वहिनींच्या दाराशी न्यायची. वहिनी दार उघडायच्या, पिशवीचं तोंड फाकवायच्या, डोळे घट्ट मिटायच्या, नाक आत घालायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल तीन प्रकारचे. "संध्याकाळपर्यंत चालेल." "आत्ताच्या आत्ता चढव." आणि तिसरा, ज्याची सगळ्यांना धास्ती, "मांजराला." तिसऱ्या निकालावर अपील नव्हतं. पिशवी तिथूनच जिन्यात रिकामी व्हायची आणि जिन्यातला बोका, जो कुणाचाच नव्हता आणि म्हणून सगळ्यांचा होता, तो हजर असायचा.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र गेला, नातं राहिलं. इमारतीला त्या काकू, मला वहिनी. मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो आणि माझं दार दिवसभर उघडं असतं. हवेसाठी, असं मी म्हणतो. वहिनी म्हणतात, "भावजी, हवा कानातून घेता का?"

त्या नवराबायकोचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं. मित्र गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि वहिनी इस्त्री मारायच्या. दोघांनीही आपापलं काम आयुष्यभर मन लावून केलं. वहिनींच्या हातून कधी कापड जळल्याचं कुणाला आठवत नाही. कापड तांबूस व्हायच्या आधीच त्यांना वास लागायचा आणि हात उचलला जायचा. दुकान बंद झालं तरी त्यांचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड राहिला तो राहिलाच. भांडणात तो उपयोगी पडायचा. प्रत्यक्ष मारायला नाही, नुसता कमरेवर ठेवायला.

तर त्यांच्या हातचा मासा. त्यात होतं काय? मासा, मीठ, थोडं तेल, लोखंडी तवा आणि वर पिळायला लिंबू. बस्. कुणी म्हणालं की काकू, जरा मसाला लावा की, तर म्हणायच्या, "चांगल्या कापडाला डाग नसतो, मग झाकायचं कशाला?" बांगडा धुऊन, फडक्याने खडखडीत कोरडा करून, मीठ चोळून त्या तव्यावर ठेवायच्या आणि चक्क बाहेर येऊन माझ्या दारात उभ्या राहायच्या. मग खालच्या शिंपिणीच्या सुनेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळे विषय. बोलता बोलता मध्येच त्यांची नाकपुडी हलायची. "थांबा हां," म्हणून त्या आत जायच्या, एकदा, एकदाच मासा उलटायच्या आणि परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू करायच्या. माझ्या बायकोने अख्खं आयुष्य तव्यासमोर घामाघूम होऊन मासा सतरा वेळा उलटवला आणि त्याचा भुगा केला. ती बिचारी आता नाही, म्हणून हे लिहायची हिंमत करतोय.

आता या नाकाचा आणखी एक पराक्रम सांगायला हवा, कारण पुढची सगळी पंचाईत त्यातून झाली. खालच्या मजल्यावर शिंपी राहतो. एका दुपारी त्याच्या घरात गॅसची नळी सुटली. शिंपी दुकानात मशीनवर, शिंपीणबाई घरात झोपलेल्या. वहिनींना तिसऱ्या मजल्यावर वास आला. अनवाणी धावत गेल्या, दार बडवलं, खिडक्या उघडल्या. त्या वेळी माझा मित्र नुकताच गेला होता आणि वहिनींचा मुलगा त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या घरी न्यायच्या मागे लागला होता. एकटी बाई, म्हातारी, गॅस पेटवणार, विसरणार, हे त्याचं रोजचं पालुपद. नळीचा प्रकार ऐकल्यावर तो हसला आणि म्हणाला, "ठीक आहे आई. तुझ्या नाकाच्या भरवशावर सोडतो तुला."

तो गमतीत बोलला होता. वहिनींनी मात्र ते शब्द जपून ठेवले. आपलं घर, आपली शेगडी, आपला तवा, हे सगळं त्या नाकावर उभं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग त्यांना ताप आला. फार मोठा नव्हता. आठवडाभर झोपून राहिल्या, मी पेज नेऊन दिली, त्यांनी नावं ठेवली, बऱ्या झाल्या. इमारतीच्या दृष्टीने विषय संपला.

दर रविवारी त्यांच्याकडून मला एक ताटली यायची. तापानंतरच्या पहिल्या रविवारी आली तेव्हा ताटलीत मासा नव्हता, माशाची नुसती बातमी होती. कातडं एकीकडे, काटे दुसरीकडे, मधे पांढरा चुरा.

मी म्हटलं, "वहिनी, हा बसखाली आला होता का?"

"तुमचे दात पडलेत ना? म्हणून मऊ करून दिला. उपकार माना."

मी निर्धास्त झालो. जीभ शाबूत आहे, म्हणजे माणूस शाबूत आहे.

पुढच्या रविवारचा मासा एका बाजूने कोळसा होता. मी म्हटलं, "आज माझे दात परत आले असं वाटलं की काय तुम्हाला?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी ताटली हातात धरून तिथेच उभा. इतक्या वर्षांत या बाईने माझा टोमणा परतफेडीशिवाय सोडला नव्हता. मासा खाल्ला नाही मी त्या दिवशी. करपला होता म्हणून नाही.

शिंपीणबाईंना मात्र खुलासा मिळाला होता. त्या एकदा वाटी परत करायला म्हणून वर आल्या, दार ओढलेलं होतं, आत डोकावल्या आणि मग तशाच पावली माझ्याकडे आल्या.

"अहो, काकू तव्यावर इस्त्री करतायत!"

"म्हणजे?"

"म्हणजे कालथा माशावर दाबून धरलाय आणि पुढे-मागे, पुढे-मागे! शर्टाची कॉलर करतात ना तसं. आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतायत." मग आवाज खाली. "डोकं गेलं हो काकूंचं."

शिंपीणबाईंचा आवाज खाली आला की तो चार मजल्यांवर ऐकू जातो. संध्याकाळपर्यंत इमारतीत ठरून गेलं की काकूंचं डोकं गेलं.

खरं काय झालं होतं ते मला फार नंतर कळलं. तापाने त्यांचा वास गेला होता. पार. कांदा नाही, रॉकेल नाही, मोगरा नाही, मासा नाही. डॉक्टर म्हणाला होता, "येईलही परत, नाहीही येणार." त्या त्याच्याकडे एकट्याच गेल्या होत्या आणि येताना भाजी घेऊन आल्या होत्या, म्हणजे कुणाला शंका नको. आता मासा कधी उलटायचा हे नाकच सांगणार नाही, तर हात काय करणार? हातांनी त्यांना जे जन्मभर येत होतं तेच केलं. इस्त्री एका जागी थांबली तर कापड जळतं, म्हणून हलती ठेवायची. त्या मासाही हलता ठेवू लागल्या. आणि मासा नेमका उलट वागतो. हलवला की मोडतो.

हे झालं घरातलं. पण पिशव्या येतच होत्या; डोकं गेलं तरी नाक कुठे गेलंय, असं इमारतीचं मत. नाक बंद पडलं म्हणून त्यांचं न्यायालय बंद पडेना.

पहिली पिशवी आली तेव्हा वहिनींनी नेहमीसारखे डोळे मिटले, नाक आत घातलं, आणि आत काहीच नव्हतं. कोऱ्या कागदावर नाक ठेवावं तसं. चालेल म्हणावं आणि कुणाच्या पोटात गडबड झाली तर? वास येत नाही म्हणावं तर संध्याकाळी मुलाला फोन. वहिनी म्हणाल्या, "मांजराला."

दुसरी पिशवी. "मांजराला." तिसरी, चौथी. "मांजराला." "मांजराला."

लोक आधी हळहळले. मग मासेवालीला नावं ठेवू लागले. मासेवाली आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसते; आवाज जबर, सुरी त्याहून जबर. आमची इमारत म्हणजे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. एकेक जण तिच्यासमोरून मान वळवून जाऊ लागला. कुणी अंडी, कुणी नुसती भाजी. जी माणसं अजून घेत होती त्यांचा मासा जिन्यात जात होता. त्यांच्या डोळ्यांना मासा लखलखीत दिसत होता, हाताला घट्ट लागत होता, पण काकूंनी सांगितलं म्हटल्यावर डोळ्यांना कोण विचारतो! अशी आम्ही शहाणी माणसं.

बोक्याची मात्र चैन झाली. इतका फुगला की पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसून राहायचा आणि वरून पिशवी रिकामी होण्याची वाट बघायचा. जिना चढणं त्याने सोडून दिलं.

मी थट्टा करत होतो, पण मला भीती वाटू लागली होती. वहिनी दिसायच्या तेव्हा हात पुसत असायच्या. काही लागलेलं नसताना. दारात गप्पांना यायच्या बंद झाल्या होत्या. एकदा त्यांच्या दारावरून जाताना पाहिलं, त्या शेगडीपाशी ओणव्या होऊन गॅसचं बटण तपासत होत्या. बंद आहे का. परत वळवून, परत बंद. परत. मी खोकलो तर दचकल्या. "भावजी, तुम्हाला काही वास येतोय?" विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "नाही, शेजारचं दूध लागलं असेल, म्हणून विचारलं."

कुठेच काही लागलं नव्हतं.

शेवटी मासेवाली आली. सकाळची वेळ, इमारत भरलेली. ती जिना चढत होती आणि तिच्यामागे, तमाशा बघायला, शिंपीणबाईंसकट अर्धी इमारत. हातात तोंड गुंडाळलेली ओली पिशवी. मी खुर्ची दारात ओढून घेतली.

"काकू! बाहेर या!"

वहिनी आल्या.

"माझा मासा मांजराला होय? इतकी वर्षं तुमच्या घरात मासा देते मी. हुंगा हा. सगळ्यांसमोर हुंगा आणि सांगा."

वहिनींनी सगळ्यांकडे पाहिलं. मग पिशवी घेतली. सवयीने डोळे मिटले. नाक आत घातलं. आम्ही सगळे श्वास रोखून.

"मांजराला," वहिनी म्हणाल्या.

आणि पिशवी हलली.

मासेवालीने टोपातली जिवंत मरळ उचलून आणली होती. हा मासा पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. मरळीने शेपटी आपटली, पिशवीला हिसका बसला आणि पिशवी वहिनींच्या हातून पडली. मरळ जमिनीवर, दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत, तडफडत.

लोक हसले. खदखदा हसले, खोटं कशाला सांगू. जिवंत माशाला शिळा ठरवणारी बाई कुणी पाहिली होती? शिंपीणबाई तर कठड्याला धरून हसत होत्या. फक्त मासेवाली हसली नाही. ती वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने वाकून मरळ उचलली, पिशवीत घातली आणि लोकांकडे वळली.

"चला, खाली व्हा. झाली मजा. खाली व्हा म्हणते ना!"

लोक गेले. मी माझ्या घरातच होतो, मला कोण हाकलणार? ती आत गेली, पण दार लावायला विसरली.

"कधीपासून?"

वहिनींचा आवाज बारीक. "तापापासून."

"आणि मला बोलली नाहीस? माझा धंदा बसवलास की गं बाई!"

"चुकून एखाद्याच्या पोटात वाईट गेलं असतं तर? मांजराला म्हटलं की कुणी मरत नाही."

"मी मरते ना!"

वहिनी म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर पोरगा दुसऱ्या दिवशी येऊन मला घेऊन गेला असता. तो म्हणालाय, नाक आहे तोवर राहा."

"नाक!" मासेवालीने नाकानेच आवाज काढला. "अगं, मी जन्मात कधी मासा हुंगून घेतलेला नाही. पहाटेच्या बाजारात माणसांनासुद्धा माशाचा वास येतो, तिथे नाक घेऊन काय करू? डोळे कशाला दिलेत? तू आपली डोळे मिटून बसतेस. उघड ते आधी."

त्यानंतर मासेवाली धंदा आटोपला की वर येऊ लागली. मलाही बोलावलं गेलं. देखरेखीला म्हणून, खरं तर नाकाला. करपलं तर ओरडायचं, एवढंच माझं काम. मी ते इमानाने केलं, पहिले काही दिवस फार ओरडावं लागलं.

मासा निवडणं वहिनींना चटकन जमलं. डोळा फुगीर आणि पाणीदार हवा, खोल गेलेला नको. कल्ला उचलून बघायचा, लाल हवा. बोटाने दाबायचं, खळगा लगेच भरून आला पाहिजे. "रेशीम बघतात तसं," वहिनी म्हणाल्या आणि मासेवाली म्हणाली, "असेल बाई, मी कुठे रेशीम बघितलंय."

तवा तापलाय का हेही त्यांना शिकवावं लागलं नाही. ओल्या बोटाचा थेंब टाकायचा. पसरून बसला तर तवा थंड, गोळी होऊन पळाला तर तयार. ती तर इस्त्रीचीच परीक्षा. अडलं ते पुढे. मासा तव्यावर पडला की उजवा हात आपोआप कालथ्याकडे जायचा आणि पुढे-मागे सुरू.

"हात मागे!" मासेवाली ओरडायची.

"अगं, लागेल तो खाली."

"लागू दे. आधी चिकटतो आणि मग आपला आपण सोडतो. तू ओढलंस तर कातडं तव्याला आणि मासा तुझ्या हातात. हात मागे!"

साठी उलटलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी दोन्ही हात पाठीमागे बांधून शेगडीसमोर उभी. बोटं मागच्या मागे वळवळत होती. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं.

"आता ऐक," मासेवाली म्हणायची. "आधी तो भांडतो. ऐकतेस? तडतड तडतड. पाणी आहे अंगात. मग कुरकुर करतो. आणि मग नुसता पुटपुटतो, म्हाताऱ्या नवऱ्यासारखा. पुटपुटायला लागला की सुटला. मग उलट. एकदाच."

हळूहळू वहिनींना ऐकू येऊ लागलं. एका संध्याकाळी त्यांनी बांगडा असा उलटला की सोनेरी कातडं जसंच्या तसं वर आलं. मासेवालीने मांडीवर थाप मारली. पण त्यात एक खोट राहिली होती आणि ती आम्हा दोघांनाही दिसत होती. कान लावला की वहिनी डोळे मिटायच्या. "डोळे उघडे ठेव," मासेवाली सांगायची. वहिनी उघडायच्या आणि दोन मिनिटांनी पुन्हा मिटलेले.

मुलाला फोन कुणी केला हे मी सांगणार नाही. शिंपीणबाईंनी केला. वास गेल्याचं शिंपीणबाईंना कुणी सांगितलं, हे मात्र खरंच सांगणार नाही.

तो सुट्टीच्या दिवशी आला. सोबत बायको आणि एक मोठं रिकामं खोकं. सून औषधांच्या दुकानात काम करते, कमी बोलते. खोकं दाराशी ठेवून मुलगा म्हणाला, "आई, सामान भरू. सिलिंडरवाल्यालाही सांगून आलोय, दुपारी येऊन घेऊन जाईल."

"कशाला?"

"कशाला काय कशाला? तुला वास येत नाही. गॅस सुटला तर कळणार कसं तुला?"

"कोण म्हणालं वास येत नाही?"

मी माझ्या नखांकडे बघत बसलो.

"तिकडे तुला खोली आहे," तो म्हणाला. "खिडकी आहे. सगळं आहे."

"शेगडी?"

"शेगडी कशाला पाहिजे? आम्ही दोघं कामावर. डबा येतो, तुझाही येईल."

वहिनींनी दंड कमरेवर ठेवला. पण त्यात जोर नव्हता. "जेवून घ्या आधी. बांगडे आणलेत. मी करते, तू उभा राहून बघ. मग काय ते ठरव."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघू या ना."

मग आम्ही सगळे त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात. मुलगा गॅसच्या बटणापाशी, परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरासारखा. सून ओट्याच्या टोकाला. मी दारात. वहिनींनी बांगडे धुतले, फडक्याने पुसून कोरडे केले, फडकं बाजूला टाकलं, मीठ चोळलं. थेंब टाकला, गोळी पळाली. तेल. मासे तव्यावर. हात मागे.

तडतड सुरू झाली. मुलाचा हात नकळत कालथ्याकडे गेला. "आई, लागेल."

"हात मागे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी डोळे मिटले. चेहरा इतका निवांत, मी तापानंतर पहिल्यांदा पाहत होतो. आवाज खाली येऊ लागला. कुरकुर. आणि तेवढ्यात मला वास आला. माशाचा नाही. सुती कापडाचा. कडवट, जुन्या दुकानातला वास. फडक्याचं एक टोक बर्नरच्या कडेला गेलं होतं. ज्वाळा नव्हती, नुसती लाल रेघ काठाकाठाने सरकत होती.

मुलाने पाहिलं. सुनेने पाहिलं. मी पाहिलं. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या.

कापड जळत होतं आणि त्यांच्या हातभर अंतरावर जळत होतं.

सुनेने हात लांब करून फडकं उचललं आणि नळाखाली धरलं. चर्र झालं. त्या आवाजाने वहिनींनी डोळे उघडले. आधी सुनेचा हात पाहिला, मग फडकं, मग आमचे चेहरे. मुलगा तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब." तव्यावरचा आवाज पुटपुटण्यावर आला होता. त्यांनी मासे उलटले. एकेकदा. एकाचंही कातडं फाटलं नाही. मग दुसरी बाजू होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळे उघडे ठेवून. मासे ताटात काढल्यावर त्यांनी शेगडीचं बटण बंद केलं.

"मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "कापड जळत होतं आणि मला कळलं नाही."

मुलगा म्हणाला, "आई…"

"माझं नाक गेलंय. पूर्ण गेलंय. डॉक्टर म्हणतो येईल, पण मला नाही वाटत." एवढं त्यांनी आजपर्यंत कुणासमोर म्हटलं नव्हतं, मासेवालीला कळलं तेही मरळीमुळे. मग त्या खाली वाकल्या, ओट्याखाली हात घातला आणि सिलिंडरवरचं रेग्युलेटर स्वतःच्या हाताने फिरवून काढलं. त्यांना वाकताना त्रास होतो. मुलगा पुढे झाला तर त्यांनी त्याला कोपराने बाजूला केलं.

"सिलिंडर ने," त्या म्हणाल्या. "मला नेऊ नको."

मुलगा ओट्याला टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळलं नसावं. "आणि तू खाणार काय? करणार कशावर?"

सून फडकं पिळत होती. न वळता म्हणाली, "दुकानात आमच्याकडे विजेची शेगडी पडून आहे. चहाला आणली होती, कुणी वापरत नाही. आईंनी जन्मभर विजेवर काम केलंय."

"आणि असं परत जळलं तर?"

"तर जळेल," वहिनी म्हणाल्या. "माझ्या घरात जळेल. तुझ्या घरात डबा खाऊन मी काय वेगळी होणार आहे?"

मुलाने दाराशी ठेवलेल्या खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "रोज फोन करीन. एक दिवस उचलला नाहीस तर…"

"तर येशील. खोकं इथेच राहू दे."

जेवण झालं. मासा अप्रतिम होता, हे मी भीतभीतच म्हणालो. मुलगा काटा चोखत होता, लहानपणी चोखायचा तसा, आणि वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या ताटातला मासा तसाच होता.

दुपारी सिलिंडर गेला. जिना उतरताना तो प्रत्येक पायरीवर वाजला. पहिल्या मजल्यावर बोका बसला होता, उठला नाही. सिलिंडरवाल्याने शिव्या देत वळसा घेतला.

आता विजेची शेगडी आहे. ती तापायला वेळ लावते, निवायला त्याहून जास्त, आणि वहिनींना सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतंय. तवा तिच्यावर नीट बसत नाही. पहिले काही मासे मोडले. फडकी आता दाराला खिळा मारून लांब टांगलेली आहेत. पिशव्या अजून येतात, पण कमी. वहिनी पिशवी हातात घेत नाहीत. "डोळा बघ त्याचा. कल्ला उचल. बोट दाब. तुझं तू सांग मला." काही जणांना ते आवडत नाही, आयता निकाल मिळायची सवय झालेली. शिंपीणबाई म्हणतात, काकूंमध्ये आता पूर्वीची मजा नाही. खाली बोका बारीक होऊ लागलाय, परवा दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला होता.

रविवारची ताटली आता मला घरी येत नाही. मला बोलावणं येतं. परवाही गेलो. वहिनींनी ताट पुढे केलं आणि समोर बसल्या.

"सांगा."

"छान झालाय."

"छान काय छान? तुम्ही मळक्या शर्टालाही छान म्हणता. नीट सांगा."

"वहिनी, तुम्ही पण खाऊन बघा की."

"मला कागद लागतो तो. खारट कागद. सांगा ना."

मी घास घेतला. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बोलायला सांगत होतं आणि शब्द सापडत नव्हता. "वरून… कुरकुरीत आहे. तुटताना आवाज येतो. शेपटीकडे मीठ जरा जास्त. लिंबू आधी जिभेला लागतं आणि मग मागून तेलकट, गोड. बांगड्याला येतो तसा तो… वास आहे थोडा. चांगला."

वहिनी ऐकत होत्या. डोळे उघडे होते.

"आणि मधे? काट्याजवळ?"

मी परत घास घेतला. खोटं बोलावंसं वाटलं. दाराशी ते खोकं होतं, उघड्या तोंडाचं, रिकामं.

"मधे किंचित कच्चा आहे."

वहिनींनी मान हलवली. "मला ऐकू आलं होतं. अजून कुरकुरत होता. पण फोन वाजला, पोराचा, आणि मी घाई केली." त्यांनी माझ्यासमोरचं ताट उचललं. "द्या इकडे. परत ठेवते."

"अहो, चालेल."

"तुम्हाला चालेल," असं म्हणून त्या तवा शेगडीवर ठेवून उभ्या राहिल्या, दोन्ही हात मागे, आणि थेंब गोळी होऊन पळायची वाट बघू लागल्या.